ठेकेदार वर, मजूर खाली

फळीबापूंच्या डोक्यावर टोपी असली की ते ठेकेदार असत आणि टोपी काढली की मजूर. हे मी गमतीने म्हणत नाही. त्यांच्या धंद्यात ते एकटेच होते, पण ठेका म्हटला की ठेकेदार हवा, मजूर हवा आणि मजुरावर ओरडायला पुन्हा ठेकेदार हवा, हे त्यांना मनापासून पटलेलं होतं. टोपी घालून ते बंगल्याच्या पायरीवर उभे राहात, झालेल्या कामाकडे नाक मुरडून बघत आणि रिकाम्या जागेकडे बोट दाखवून म्हणत, "हा कोपरा कोण घासणार? तुहा बाप?" मग टोपी खुंटीला अडकवून, मान खाली घालून, तो कोपरा घासायला बसत. पांढरकवड्याच्या बाजाराच्या दिवशी मजूर सुटी मागे. ठेकेदार देत नसे. मग मजूर दिवसभर फुरंगटून काम करी आणि संध्याकाळी दोघांचं मिटलं की दोघांत मिळून एक बिडी ओढली जाई.

मी लग्न होऊन यवतमाळहून आले ती सत्तावन्न साली. केळापूरच्या अलीकडे सागाच्या जंगलात एक सरकारी बंगला होता, तिथे आमचे हे बाबू होते. बाबू म्हणजे कारकून, पण हे नुसतं 'कारकून' म्हटलेलं खपवून घेत नसत. डोक्यावर काळी टोपी, ती झोपताना तेवढी उतरायची. बंगल्याला लागून आमची दोन खोल्यांची क्वार्टर आणि तिच्यापलीकडे चौकीदाराचं घर. बंगल्याच्या समोर सागवानी फळ्यांची लांबरुंद ओसरी होती, गोऱ्या साहेबाच्या काळातली. समोरून दगडी जोतं दिसे, पण आमच्या क्वार्टरच्या बाजूने पाहिलं की खाली सगळं मोकळं पोट आणि दोन हात उंचीच्या खांबांवर पेललेल्या फळ्या. ऊन-पाऊस खाऊन त्या पार राखाडी पडायच्या. वर्षातून एकदा, थंडी ओसरली की, फळीबापू सायकलला तेलाचा डबा बांधून पुसदकडून येत आणि ओसरी धुऊन, उजळून, तेल पाजून जात. जिल्ह्यात अशा फळ्यांच्या ज्या काही ओसऱ्या होत्या, त्या सगळ्या त्यांच्याच. त्यांचं खरं नाव मी कधी ऐकलं नाही. विचारलं तर म्हणत, ठेकेदाराचं विचारता की मजुराचं?

काम सुरू करण्याआधी ते ओसरीवर पालथे पडत आणि फळीला कान लावून बोटाने टकटक करत. एकेका फळीची अशी विचारपूस झाली की रिठ्याचं पाणी, काथ्याचा कुंचला आणि मग दिवसभर घासणं. घासायचं ते उभ्या रेघेनं, लाकडाची रेघ जाते तसंच. एकदा मी मदत म्हणून आडवा हात मारला, तर टोपी घालून आले आणि मला कामावरून काढून टाकलं. रिठ्यानंतर चिंचेचं पाणी. ते मारलं की राखाडी रंग उतरून आतून मधाचा रंग वर येई, आणि मी नवी नवरी असून भर उन्हात ते बघायला ओसरीशी जाऊन उभी राही. शेवटी कोमट केलेलं जवसाचं तेल. चिंधीने तेल लावता लावता ते पुटपुटत, "पे बाई, पे. वर्षाची तहान हाय."

तेल लावलं की ओसरीवर कुणी पाय ठेवायचा नाही. तेल पिऊन फळी सुकेपर्यंत म्हणजे तीन-चार दिवस तरी नाही. फळीबापू काठी घेऊन पायरीवर बसत. आता बंगल्याचं दार त्या ओसरीवरच उघडत होतं, तेव्हा आत जायचं कसं, हा प्रश्न ते बंगला बांधणाऱ्यावर ढकलून मोकळे होत. एका वर्षी नेमका त्याच दिवसांत एक पाहुणा साहेब आला, बायकोला घेऊन, अंगाने चांगला भरलेला. बापू हटेनात. यांनी हातापाया पडून पाहिलं. अखेर चौकीदाराने मागच्या खिडकीला स्टूल लावलं आणि साहेब, बाईसाहेब, दोन ट्रंका आणि कोंबड्यांची टोपली खिडकीतून आत गेली. चहा खिडकीतून, गरम पाणी खिडकीतून. गंमत म्हणजे ओसरी सुकल्यावरही साहेब खिडकीतूनच ये-जा करत राहिला. बाईसाहेबांनी मला हळूच सांगितलं की लग्नानंतर साहेबांना इतकं खुशीत त्यांनी पाहिलंच नव्हतं.

बापूंना मूलबाळ नव्हतं, पण ते आपल्या ओसऱ्यांबद्दल लेकींसारखं बोलत. वणीची धाकटी, पुसदची मधली आणि आमची थोरली. एकदा चहा पिताना त्यांनी शेजारी बसलेल्या एका खेडुताला वणीच्या धाकटीची हकीकत ऐकवली. पाठीला भेगा पडल्या, सासरचे उन्हात टाकून देतात, तेलाचं बोट लावत नाहीत, वरून बूट घालून नाचतात. त्या भल्या माणसाच्या डोळ्यांत पाणी आलं. चार माणसं घेऊन वणीला जाऊ आणि पोरीला माघारी आणू, असं म्हणून तो उठलाच. बापूही सायकलकडे निघाले. त्या दोघांना थांबवायला यांना पळावं लागलं.

हसत होतो आम्ही सगळे. मग एका वर्षी बापू आले ते ठेकेदारही नव्हते आणि मजूरही नव्हते. टोपी हातात धरली होती. वणीची गेली, म्हणाले. तिथल्या बंगल्याची ओसरी उखडून सिमेंट केलं होतं. पुढच्या वर्षी पुसदची गेली, तिथे शहाबादी फरशी आली. काढलेल्या फळ्या सरपणात गेल्या. वरून हुकूमच निघाला होता की जुन्या लाकडी ओसऱ्या कुजलेल्या आहेत, त्या काढून फरशी बसवावी. आमच्या बंगल्याचं नाव यादीत होतंच. मोठे साहेब स्वतः येऊन पाहणार, मान डोलावणार आणि दुसऱ्या दिवसापासून कुदळी चालणार. जिल्ह्यात एवढी एकच ओसरी आता उरली होती. ती गेली की फळीबापू कशाचे ठेकेदार आणि कशाचे मजूर, हे कुणी बोलून दाखवलं नाही.

युक्ती यांनीच काढली. एरवी बापूंना वेड्यात काढणारे हे, पण त्या दिवशी म्हणाले, "बापू, अशी करा की साहेबाचा पाय ठेवायचा जीव होऊ नये. कुजलेली म्हणायची त्याची हिंमत होऊ नये." बापूंनी टोपी घातली. त्या खेपेला त्यांनी जसं काम केलं तसं मी पुढे कुठल्या देवळातही पाहिलं नाही. फळीन् फळी वेगळी घासली. फटींतली माती काडीने काढली. तेलाचे दोन हात दिले, तिसरा दिला. ओसरीत सकाळचं ऊन पडलं की आमच्या स्वयंपाकघराचा कूडसुद्धा पिवळा होई. संध्याकाळी बापू भाषणाची तयारी करत. ठेकेदार साहेबापुढे बोलणार होता, म्हणून मजुराला साहेब केलं जाई. टोपी घालून दोन वाक्यं बोलायची, टोपी काढून साहेबाचे आडवेतिडवे प्रश्न विचारायचे, पुन्हा टोपी घालून उत्तर द्यायचं. पहिले काही दिवस साहेबच जिंकला. मग ठेकेदाराला सूर सापडला.

साहेब दुपारी येणार होता. सकाळी बापूंना वाटलं की आपल्या अंगाला तेलाचा वास येतो आणि दाढी वाढली आहे, ठेकेदार असा बरा दिसत नाही. म्हणून ते सायकल काढून पांढरकवड्याला गेले. हे साहेबाला घ्यायला फाट्यावर गेले, चौकीदार गावात सामान आणायला. मी पुरणाच्या पाट्यावर. आणि बंगल्यात उरली चौकीदाराची बायको सोमलीबाई.

सोमलीबाई तांड्यावरची. कपाळापर्यंत ओढणी, हातभर बांगड्या, आणि कामाला वाघ. घरात ती आपल्या बोलीत बोले, आमच्याशी वऱ्हाडीत, आणि दोन्हींत सारखीच तडकून बोले. तिने ओसरीकडे पाहिलं. साक्षात मोठा साहेब येतोय, आणि दारात काय, तर सांडलेल्या तेलाने बरबटलेल्या फळ्या. घसरून पडला तर नवऱ्याची नोकरी जायची. आणि नाही पडला तरी न सारवलेल्या ओसरीवर पाहुण्याला बसवायचं म्हणजे लाजेची गोष्ट. फळ्यांवर सारवत नाहीत असं तिला कोण सांगणार? गावातल्या माड्यांत फळ्यांवरच तर माती घालून सारवतात. तिने आधी चुलीतली राख पसरून तेल टिपलं, त्यावर पांढऱ्या मातीचा जाड थर दिला आणि मग ताज्या शेणाने, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत, बोटांची नक्षी उमटवत अशी सारवली की बघत राहावं. कडेने चुन्याची रांगोळी घातली. त्या उन्हात सुकायला कितीसा वेळ लागतो? मी पुरण वाटून बाहेर आले तेव्हा ती कंबरेवर हात ठेवून मला म्हणाली, "आता दिसते ना घर, घरावानी?"

मी काही बोलणार इतक्यात बापूंची सायकल आली. दाढी घोटलेली, केस कापलेले, धुतलेली टोपी. ओसरीपुढे येऊन ते उभे राहिले. सायकल हातातून कधी सुटली ते त्यांना कळलं नाही. मला वाटलं आता काठी उचलतात. त्यांनी टोपी काढली, तोंडासमोर धरली आणि तिच्यात तोंड खुपसून रडले. असं रडणं मी मोठ्या माणसाचं तोवर पाहिलं नव्हतं, माझ्याच्यानं तिथे उभं राहवेना. सोमलीबाई गोंधळून गेली. तिला वाटलं, म्हाताऱ्याचं घरचं कुणी गेलं असावं. मग फाट्याकडून जीपचा आवाज आला. बापूंनी डोळे पुसले आणि टोपी डोक्यावर ठेवली. मला हळूच म्हणाले, "ठेकेदाराले रडता येत नाई, बाई. म्हून काढली होती."

साहेब उतरला. उंच, खाकी हॅट, मागे ओव्हरसियर आणि त्यांच्यामागे हे. यांची नजर ओसरीवर गेली आणि त्यांच्या चेहऱ्याचा रंग सारवणाला येऊन मिळाला. साहेब पायरीपाशी आला, सारवण पाहिलं, रांगोळी पाहिली आणि खाली वाकून बुटाच्या नाड्या सोडू लागला. खेड्यातच वाढलेला असणार. सारवलेल्या जागेवर बूट घालून जायला त्याचा पाय उचलला नाही. मोज्यांसकट बूट पायरीवर ठेवले आणि तो अनवाणी ओसरीवर चढला. बूट असते तर फळ्या खालून वाजल्या असत्या आणि सगळं तिथेच उघडं पडलं असतं. अनवाणी पायाचा आवाज झाला नाही. तो बाजेवर बसला, तळपाय सारवणावर टेकवले आणि किती गार वाटतंय, असं कुणाला नाही तर स्वतःलाच म्हणाला. मग ओव्हरसियरला विचारलं की इथली लाकडी ओसरी कुठाय. ओव्हरसियरने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. त्याने ओसरी आयुष्यात कधी पाहिली नव्हती, ऑफिसात बसून यादी केली होती; ते कबूल करण्यापेक्षा तो म्हणाला, नाही साहेब, चुकून नाव आलं असेल. साहेब म्हणाला की हुकूम लाकूड काढायचा आहे, माती काढायचा नाही. मातीच्या ओसरीशी आपल्याला काही कर्तव्य नाही.

एवढ्यात त्याचं लक्ष बापूंकडे गेलं. धुतलेली टोपी घालून ते खांबासारखे उभे होते. तुम्ही कोण, त्याने विचारलं. बापू म्हणाले, ठेकेदार. कशाचे?

पाठ केलेलं सगळं भाषण बापूंच्या ओठांवर आलेलं मला दिसलं. फळीन् फळीची हकीकत, रिठा, चिंच, जवस, आयुष्यभराची राखण. पायाखालचं थोडं शेण खरवडून दाखवलं असतं तर साहेबाने तो मधाचा रंग पाहिला असता. कदाचित वाहवाही केली असती. आणि हुकमाप्रमाणे दुसऱ्या दिवशी कुदळीही लावल्या असत्या. बापूंनी टोपी सरळ केली.

"सारवणाचा," ते म्हणाले.

साहेबाने मान डोलावली. सुंदर सारवलंय, म्हणाला, असा हात आता राहिला नाही. सोमलीबाई दाराआडून खुदकन हसली. बापूंनी हात जोडून ती शाबासकी घेतली. पुरणपोळी खाऊन, बूट हातात घेऊन साहेब पायरी उतरला, तिथे ते घातले आणि जीप धूळ उडवत गेली. आमच्या ओसरीचं नाव यादीतून गेलं, आणि त्या दिवसापासून ती सरकारदरबारी मातीची झाली.

मग मात्र मोठीच पंचाईत झाली. ओसरी वाचली, पण वाचायची अटच अशी की ती पुन्हा कुणाला दिसता कामा नये. सोमलीबाईला सगळा प्रकार समजावून सांगितला. तिने बापूंची माफी मागितली नाही, पण त्यांना ताटभर जेवायला वाढलं आणि म्हणाली की आठवड्याला सारवत जाईन, कोणाच्या बापाले फळी दिसू देणार नाई. बापू ओसरीकडे पाहात जेवत होते. जेवून झाल्यावर म्हणाले, "पदर घेतला तिनं. घेऊ द्या. जिती तं हाय."

आम्हाला वाटलं, आता हे येणं संपलं. पुढच्या वर्षी थंडी ओसरली आणि सायकल हजर. तेलाचा डबा बांधलेला. काय करणार बापू, वरून तर तेलाचा थेंब लावता यायचा नाही, असं हे म्हणाले. बापूंनी टोपी काढली, खुंटीला नाही अडकवली, ती सारवलेल्या ओसरीच्या मधोमध ठेवली. मग चिंधी आणि तेलाची वाटी घेऊन आमच्या बाजूने ओसरीच्या पोटात शिरले. उताणे पडून, खालून, एकेक फळीला तेल लावू लागले. तेल गळून डोळ्यांत जाई, कानांत जाई, मिशीत जाई. मध्येच खालून आवाज येई, "झालं का नाई सांगा." वर टोपी बसलेली. टोपी काही बोलत नसे. खालचे बापू तेवढा वेळ थांबत, आणि बहुधा उत्तर मिळालं म्हणून पुढच्या फळीकडे सरकत. पहिल्या दिवशी आमचे हे क्वार्टरच्या दारात उभे राहून पोट धरधरून हसले. तिसऱ्या दिवशी हसणं थांबलं. सोमलीबाई वर सारवता सारवता टोपीला वळसा घालून सारवायची, तिला हात लावत नसे.

असं दर वर्षी. बंगल्यात उतरणाऱ्या पाहुण्यांना खालून येणारी टकटक ऐकू येई आणि ते विचारत. हे गंभीर चेहऱ्याने सांगत की घोरपड आहे. एका वर्षी मी घरात एकटीच होते आणि बापू खाली होते. मला काय वाटलं कोण जाणे, मी ओसरीवर गेले, गुडघ्यांवर बसले आणि बोटाने सारवणावर टकटक केलं. खालून लगेच टकटक झाली. मग बराच वेळ आम्ही दोघं तशीच टकटक करत बसलो, मी वरून आणि ते खालून, मधे ती थोरली.

नंतर यांची बदली झाली, पुसदला. निघायच्या दिवशी बापू नव्हते, त्यांचा तो हंगाम नव्हता. पुसदला मी त्यांचं घर शोधलं तर शेजारी म्हणाले की म्हातारा सायकलवर फिरतीवर असतो, एका लेकीकडे जातो. भेट झालीच नाही. मुलं, शाळा, त्यात वर्षं गेली.

सदुसष्ट-अडुसष्टच्या सुमारास एका लग्नासाठी पांढरकवड्याला जाणं झालं, तेव्हा मी हट्ट धरला आणि आम्ही बंगल्यावर गेलो. काही बदललं नव्हतं. ओसरी तशीच सारवलेली, रांगोळी तशीच. सोमलीबाई थकली होती, पण आवाज तोच. ओसरीच्या मधोमध एक टोपी होती, उन्हाने पिवळी पडलेली. बाजूला तेलाचा डबा आणि चिंधी. मी आनंदाने ओरडलेच, बापू आलेत का म्हणून. आणि खाली वाकून फळ्यांच्या पोटात पाहिलं. तिथे कुणी नव्हतं.

सोमलीबाई पायरीवर बसली. "मागच्या थंडीत मजूर गेला, बाई," ती म्हणाली. "ठेकेदार इथंच हाय."

शेवटच्या खेपेला टोपी आणि डबा इथेच ठेवून जाताना त्यांनी काही सांगितलं नव्हतं म्हणे. सोमलीबाईने स्वतः दोनदा खाली शिरून पाहिलं, पण तिच्या गुडघ्यांनी दगा दिला. त्यामुळे यंदाचं तेल राहिलं होतं. तिने हे काही मागण्यासाठी सांगितलं नाही, नुसतं सांगितलं, आणि ओढणीने तोंड पुसलं. मला रडू आवरेना. यांच्याकडे पाहिलं तर हे ओसरीकडे बघत उभे होते. मग त्यांनी आपली काळी टोपी डोक्यावरून काढली, जी मी दिवसाउजेडी कधी उतरलेली पाहिली नव्हती, आणि माझ्या हातात दिली. कोट काढला. डबा आणि चिंधी घेतली, वाकले, आणि लग्नासाठी नेसलेल्या धोतरासकट फळ्यांखाली शिरले.

मग खालून यांचा आवाज आला की कुठून सुरुवात करायची. मी टोपी हातात धरून उभी होते. ती मी डोक्यावर ठेवली.

"उभ्या रेघेनं लावा," मी म्हणाले.